गैरहजर माशाचे रीळ

ज्या कार्यात यश वारंवार पदरी पडते, त्या कार्याच्या साधनांविषयी मनुष्यजातीत फारसे मतभेद टिकत नाहीत. कारण प्रत्यही येणारा अनुभव हाच पंच होऊन बसतो आणि वादी व प्रतिवादी या उभयतांना त्याचा निवाडा निमूटपणे मान्य करावा लागतो. उलटपक्षी, ज्या कार्यात यश ऋतूमागून ऋतू लोटले तरी दर्शन देत नाही, आणि दिलेच तर ते कोणत्या कारणाने दिले याचा थांग लागू देत नाही, त्या कार्याच्या साधनांचे पाहता पाहता एक शास्त्र बनते, शास्त्राचे पंथ होतात, आणि पंथांची भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. मोक्षाच्या बाबतीत हे कसे घडले ते आपल्या देशात कोणास सांगावयास नको. उत्तर अमेरिकेतील मस्की नामक माशाच्या बाबतीतही तेच घडले आहे, आणि त्या माशासाठी काठीला जे रीळ लावावयाचे त्याच्या निवडीवरून तेथील सुविद्य, सुशील व एरवी मितभाषी अशा गृहस्थांमध्ये जे खंडनमंडन चालते ते पाहिल्यावर आपल्याकडील द्वैत आणि अद्वैत यांचा वाद पुष्कळच सौम्य होता असे वाटू लागते.

हा मस्की, म्हणजे पूर्ण नावाने मस्केलंज, गोड्या पाण्यातला मासा असून अमेरिकेच्या उत्तरेकडील सरोवरांत व कॅनडाच्या लगतच्या पाण्यात त्याची वस्ती आहे. अंगाने लांबट, जबड्याने चपटा, दातांनी भयंकर, आणि स्वभावाने एकलकोंडा असा हा प्राणी पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून पडून राहतो. त्याची लांबी 50 इंच भरली की धरणाऱ्याचा जन्म सार्थकी लागला असे समजतात. विस्कॉन्सिन राज्याने 1955 साली त्यास राज्यमत्स्य म्हणून सनद दिली. तथापि राज्यमत्स्य झाल्यामुळे प्रजेला दर्शन देणे हे आपले कर्तव्य आहे, असा समज त्याने कधीच करून घेतलेला नाही. दहा हजार वेळा आमिष फेकावे तेव्हा हा मासा एकदा लागतो, अशी त्या मुलखात म्हण आहे. आणि म्हणीत थोडी अतिशयोक्ती असली तरी फेकणाऱ्यांच्या खांद्यांत मात्र अतिशयोक्ती नाही. त्यातही या माशाची एक खोड अशी की, तो आमिषाच्या मागोमाग नौकेपर्यंत येतो, फेकणाऱ्याकडे क्षणभर स्थिर दृष्टीने पाहतो, आणि अर्ज वाचून पाहिला पण मंजूर करण्याजोगा वाटला नाही, अशा मुद्रेने संथपणे वळून खोल पाण्यात निघून जातो.

माझा भाचा मूळचा मालवणचा. आमच्या घराण्यात गरवण्याची विद्या जुनीच. परंतु तिचा सारा सरंजाम म्हणजे एक गरी, तिला टोचलेली कोळंबी, लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली दोरी, आणि मासा ओढतो आहे की खडक ओढतो आहे हे ओळखणारी तर्जनी, एवढाच होता. धरलेला मासा त्याच दिवशी तिरफळे घातलेल्या आमटीत रुजू होई, आणि आमटी साधली की गरी योग्य होती असा निष्कर्ष निघे. भाचा पुढे शिकला, परदेशी गेला, आणि सध्या मिलवॉकी येथे विम्याच्या एका कचेरीत गणिती म्हणून नोकरीस आहे. म्हणजे क्वचित घडणाऱ्या घटना किती क्वचित घडतील हे आगाऊ सांगून त्याबद्दल दरमहा वेतन घेणे हा त्याचा व्यवसाय आहे. अशा मनुष्यास मस्कीचे वेड लागावे हे विधिलिखितच म्हणावयाचे. उन्हाळ्यात मी त्याच्याकडे मुक्कामास असताना तो मला म्हणाला, "मामा, दहा हजार फेकींना एक मासा, म्हणजे संभाव्यता ठरलेली आहे. आता फक्त रीळ निवडायचे राहिले."

"आणि मासा मिळाला की त्याचे काय करायचे?" मी विचारले.

"मोजायचा, फोटो काढायचा, आणि सोडून द्यायचा."

विस्कॉन्सिनमध्ये सर्वसाधारणपणे 40 इंचांहून आखूड मस्की ठेवून घेण्यास कायद्याने मनाई आहे. त्याहून लांब मासा दिवसास एक ठेवता येतो. परंतु हल्लीचे निष्ठावंत शिकारी लांब असो वा आखूड, प्रत्येक मासा पुन्हा पाण्यात सोडतात, आणि पाणी फार तापले असता माशास सुटकेनंतरही श्रम सोसवत नाहीत म्हणून त्या दिवसांत काठीच उचलत नाहीत. भाच्याच्या मातोश्रींना, म्हणजे माझ्या भगिनीस, हा व्यवहार दूरध्वनीवरून समजावून सांगण्यात आला तेव्हा त्यांनी "बरं" एवढाच अभिप्राय दिला. त्यांचा एकशब्दी होकार आणि एकशब्दी नकार यांतील भेद घरातील सर्वांस ठाऊक असल्यामुळे तो विषय तेथेच थांबला.

रिळाच्या निवडीसाठी आम्ही हेवर्ड गावी गेलो. विस्कॉन्सिनच्या उत्तरेस असलेले हे लहानसे गाव म्हणजे या संप्रदायाचे पंढरपूरच होय. तेथील फ्रेश वॉटर फिशिंग हॉल ऑफ फेम या संग्रहालयाच्या आवारात फायबरग्लासचा 143 फूट लांबीचा मस्की उभारलेला असून त्याच्या पोटातून चालत जाऊन जबड्यात उभे राहता येते. ज्यांना मस्की आयुष्यात सापडला नाही त्यांना निदान मस्कीला सापडल्याचे समाधान लाभावे, अशी ही सोय दिसते. याच गावाच्या आसमंतात 1949 साली, एकाच हंगामात, जगातील सर्वांत मोठ्या मस्कीचे दोन दावे दाखल झाले. जुलै महिन्यात कॅल जॉन्सन यांनी 67 पौंड 8 औंस वजनाचा मासा धरला, आणि 20 ऑक्टोबर रोजी लुई स्प्रे यांनी चिपेवा फ्लोएज या जलाशयातून 69 पौंड 11 औंसांचा. पुढे 1957 साली सेंट लॉरेन्स नदीत आर्थर लॉटन यांनी 69 पौंड 15 औंसांचा मासा धरल्याची नोंद होऊन ती कित्येक वर्षे अग्रस्थानी राहिली. परंतु 1992 मध्ये छायाचित्रांची फेरतपासणी होऊन ती रद्दबातल ठरली. आज आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेच्या दप्तरी जॉन्सन यांचा मासा पहिला आहे, हेवर्डच्या संग्रहालयाच्या दप्तरी स्प्रे यांचा पहिला आहे, आणि दोन्ही मासे खोटे आहेत असे छायाचित्रांवर पट्टी ठेवून सिद्ध करणारा तिसरा पक्षही तितकाच जागरूक आहे. जो मासा धरला, तोलला, व छायाचित्रात उतरला त्याच्याविषयी सत्तर वर्षांहून अधिक काळ एकमत होत नाही, तर जो अद्याप धरलाच नाही त्याच्यासाठी कोणते रीळ घ्यावे याविषयी एकमत होईल अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ होते.

मस्कीचे रीळ हे बेटकास्टिंग जातीचे असते. म्हणजे काठीच्या वरच्या अंगास बसणारे आणि ज्याची फिरकी आमिष फेकताना स्वतःच गरगर फिरून दोरी सोडते असे. या यंत्राची वंशावळ मोठी उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी प्रांतातील पॅरिस नामक गावी जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने, हँडलाच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे व्हावेत अशी दातेरी चाके बसवून, अमेरिकेतले असे पहिले रीळ बनवले. आणि त्याच्यामागून त्याच प्रांतातील मीक बंधूंनी, तेही घड्याळजीच, ती कला परिपूर्णतेस नेली. स्वीडनमधील स्वेंगस्ता येथे 1921 साली जो कारखाना निघाला तोही खिशातली घड्याळे करण्यासाठी. पुढे तो टॅक्सीचे मीटर करू लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईने टॅक्सी थांबल्या तेव्हा रिळांकडे वळला. ॲबू कंपनीचे 'ॲम्बेसेडर' हे विख्यात रीळ याच घराण्यातले. त्याच 1921 साली जपानमध्ये साकाई गावी शिमानो यांनी आपला कारखाना काढला तो सायकलीचे फ्रीव्हील करण्यासाठी, आणि आज मस्कीच्या नौकांतून त्यांचीही रिळे ठिकठिकाणी दिसतात; त्यांतील एका गोल रिळाचे नाव 'कलकत्ता' आहे. हे वाचून भारतीय मनुष्यास जो क्षणिक आनंद होतो तो अगदीच निराधार नव्हे, कारण गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात अमेरिकेतील कारागीर बांबूच्या पट्ट्या चिकटवून ज्या उत्तम काठ्या करीत त्यांसाठी बंगालच्या बंदरातून गेलेला बांबूच नावाजला होता. सारांश, ज्या कारागिरांनी क्षणाक्षणाचा हिशेब ठेवणारी यंत्रे घडवली त्यांनीच दिवसच्या दिवस बेहिशेबी घालवण्याचे हे यंत्र घडवले आहे, आणि दोन्हींत तीच अचूकता, तेच पितळ व तीच चाके आहेत.

दुकानात शिरताच पहिला प्रश्न उपस्थित झाला तो गिअरच्या गुणोत्तराचा. हँडल एकदा फिरवले असता फिरकी किती वेळा फिरते, हे रिळावर आकड्यांनी कोरलेले असते, कोठे 4.6, कोठे 5.3, कोठे 7 च्याही वर. आकडा मोठा असेल तर दोरी वेगाने गोळा होते, पण ओढण्याचे बळ घटते. आकडा लहान असेल तर बळ वाढते आणि वेग घटतो. म्हणजे सृष्टीचा जो सनातन नियम मनुष्यास पगार आणि फुरसत यांच्या बाबतीत छळतो, तोच येथे पितळेच्या दात्यांत उतरला आहे. आता मस्कीची आमिषे ही कोळंबी नव्हेत. दोन औंसांपासून एक पौंडापर्यंत त्यांची वजने असतात. आणि बकटेल म्हणून जे आमिष या शतकात फार बोकाळले आहे, त्यात केसांच्या झुपक्यापुढे बशीएवढी दोन धातूची पाती असतात, ती पाण्यात फिरू लागली म्हणजे सरोवराचा तळच ओढून आणीत आहोत असा भास होतो. त्यासाठी लहान आकडा हवा. परंतु झटके देऊन ओढायच्या आमिषात प्रत्येक झटक्यानंतर जी दोरी सैल पडते ती तत्क्षणी गोळा व्हायची तर मोठा आकडा हवा. आणि मासा अचानक नौकेच्या दिशेने धावला तरीही मोठाच हवा.

भाच्याने तेथल्या तेथे खिशातून कागद काढून मांडणी केली. एक फेक शंभर फुटांची धरली, म्हणजे 1,200 इंच. एका फेऱ्यात 20 इंच दोरी गोळा करणारे रीळ असेल तर एका फेकीस 60 फेरे, आणि 30 इंच गोळा करणारे असेल तर 40. दहा हजार फेकींस पहिल्यात सहा लाख फेरे, दुसऱ्यात चार लाख. फरक दोन लाख फेऱ्यांचा. मिनिटास एक फेक याप्रमाणे आठ तासांचा दिवस धरला तर या एका माशासाठी एकवीस दिवस. आणि एकूण ओढलेली दोरी दहा लाख फूट, म्हणजे सुमारे 305 किलोमीटर. मुंबईहून मोटारीने पुण्यास जाऊन परत येण्याइतकी. "मामा, हे सगळे अंतर मनगटाने तोडायचे," असे म्हणताना त्याच्या मुखावर जे तेज झळकले ते पाहून, विम्याच्या कचेरीने त्याला नोकरीस ठेवण्यात मुळीच चूक केलेली नाही अशी माझी खात्री पटली.

दुसरा प्रश्न हाताचा. बेटकास्टिंग रिळाच्या बाबतीत अमेरिकेत जुनी वहिवाट अशी आहे की, उजव्या हाताच्या मनुष्याने उजव्या हाताने आमिष फेकावे, ते पाण्यात पडते न पडते तोच काठी डाव्या हाताच्या स्वाधीन करावी, आणि मोकळ्या झालेल्या उजव्या हाताने हँडल फिरवावे. हा चार्ज देण्याघेण्याचा विधी दहा हजार वेळा करावा लागतो. जुना अधिकारी कार्यमुक्त झाला आहे व नवा अद्याप रुजू झालेला नाही, नेमक्या अशा मधल्या अवस्थेत मासा आमिषावर झडप घालतो अशी तक्रार करणारा एक पक्ष आहे, आणि तो डाव्या बाजूस हँडल असलेले रीळ घेऊन मोकळा होतो. यावर सनातन पक्षाचे उत्तर असे की, दिवसभर जड पाती ओढण्याचे कष्ट बलवान हातालाच झेपतात. डावा हात नुसती काठी धरून ठेवण्यास पुरेसा आहे. उभय पक्षांची बाजू बिनतोड आहे. फरक इतकाच की, सनातन्यांच्या म्हणण्यास परंपरेचा आधार आहे आणि सुधारकांच्या म्हणण्यास सुटलेल्या माशांचा. आणि सुटलेला मासा साक्षीस हजर करता येत नाही.

तिसरे प्रकरण ब्रेकचे, आणि या रिळाचा खरा दरारा येथेच आहे. आमिष हवेत भिरकावले की ते फिरकीला आपल्या ओढीने फिरवते. पण हवेच्या विरोधाने आमिषाचा वेग कमी होऊ लागतो तेव्हा फिरकीला ते कळत नाही, ती पूर्वीच्याच उत्साहाने दोरी सोडत राहते, आणि घेणारा कोणी नसल्यामुळे ती सर्व दोरी रिळातच साचून तिचा असा गुंता होतो की त्यास तेथील लोक पक्ष्याचे घरटे म्हणतात. हा पक्षिजातीवर उघड अन्याय होय. सुगरणीच्या घरट्यात आत शिरायला आणि बाहेर पडायला निदान एक वाट तरी ठेवलेली असते. गुंत्याची शिक्षा एवढ्यावरच थांबत नाही. अर्ध्या पौंडाचे आमिष ऐन भरात असताना फिरकी एकाएकी अडली, तर दोरी तटकन तुटून ते महागडे आमिष एकटेच क्षितिजाकडे निघून जाते. म्हणूनच 80 ते 100 पौंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी वापरतात. ती माशासाठी जितकी असते तितकीच मालकाच्या अंगठ्यावरील अविश्वासापोटीही असते.

या आपत्तीवर शास्त्राने दोन उपाय योजले आहेत. एकात फिरकीला जोडलेले बारीक ठोकळे वेग वाढताच बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात; दुसऱ्यात फिरकीच्या जवळ चुंबके बसवलेली असून, फिरकीच्या धातूत जे भोवरा प्रवाह उत्पन्न होतात ते स्पर्श न करताच तिला आवरतात. शिवाय बाजूस एक लहानशी चावी असते, ती पिळली की फिरकीचा आस आवळला जातो. परंतु या सर्वांवर अंतिम सत्ता अंगठ्याची. फेकीच्या प्रत्येक क्षणी फिरकीवर अंगठा इतका हलका ठेवावयाचा की दोरी अडू नये, आणि इतका सावध ठेवावयाचा की ती बहकू नये. आमिष पाण्यास लागण्यापूर्वी अर्धा क्षण तो टेकावयाचा. हे शिकवणारे पुस्तक नाही व विकत मिळणारा भाग नाही. शेकडो डॉलरांचे रीळ घेणाऱ्यास दुकानदार सर्व काही देतो. अंगठा तेवढा ज्याचा त्याने घरून आणावा लागतो. आणि एकलव्याने तो गमावल्यापासून त्याची खरी किंमत आपल्या लोकांस तरी ठाऊक असावयास हरकत नाही.

आता ज्या गुणांची रिळाच्या खोक्यावर सर्वांत ठळक जाहिरात असते त्यांच्याकडे वळू. एक गुण असा की, मासा फार जोराने ओढू लागला तर दोरी तुटू न देता आवश्यक तेवढीच सुटू देणारी जी ड्रॅग नावाची व्यवस्था, ती किती पौंडांचा ताण सहन करते. पंचवीस पौंड वगैरे आकडे तेथे अभिमानाने छापलेले असतात. दुसरा गुण असा की, फिरकीवर दोरी किती यार्ड मावते. वास्तविक मस्की काही समुद्रातल्या ट्यूनाप्रमाणे दोरी घेऊन मैलभर पळत नाही. तो दात विचकून, अंग पिळवटून, नौकेच्या आसपासच थोडा वेळ घनघोर झुंजतो, आणि प्रकरण बहुधा काही मिनिटांत या ना त्या प्रकारे निकालात निघते. त्यामुळे वरची चाळीस-पन्नास यार्ड दोरी जन्मभर राबते आणि आतली शे-दोनशे यार्ड पाण्याचे तोंड न पाहता सेवानिवृत्त होते. मोठ्या फिरकीचा खरा उपयोग निराळाच आहे: ती भरलेली असली म्हणजे तिचा घेर मोठा होतो, आणि घेर मोठा झाला म्हणजे प्रत्येक फेऱ्यास अधिक दोरी गोळा होऊन हाताचे फेरे वाचतात. म्हणजे जो गुण माशाच्या नावाने जाहीर केला आहे त्याचा लाभ प्रत्यक्षात कोपराच्या खात्यावर जमा होतो.

हे लक्षात आल्यावर माझे कुतूहल वाढले, आणि मी त्या दुकानातील वयोवृद्ध विक्रेत्यास विचारले की, मासा आमिषावर झडप घालतो तो बहुधा कोठे. त्याने उत्तर दिले की, पुष्कळ वेळा अगदी नौकेला लागून. यासाठी प्रत्येक फेकीच्या शेवटी आमिष बाहेर न काढता, हात-दीड हात दोरी शिल्लक ठेवून, काठीचे टोक पाण्यात खुपसून आठाचा आकडा काढावयाचा असतो; मागे मागे आलेला आणि परत फिरण्याच्या विचारात असलेला मासा कधी कधी त्या वळणावर मोहात पडतो. हा आठ अर्थातच इंग्रजी आठ. मराठी आठ काढणाऱ्याच्या हाती मासा लागणे कठीण, कारण तो आकडा एका बाजूस उघडाच राहतो आणि मासा तेथून सभ्यपणे बाहेर पडतो. पण खरी मौज अशी की, ज्या घटकेसाठी हा सर्व खटाटोप, त्या घटकेस रिळाकडे काहीच काम नसते. फेकणे संपलेले, ओढणे संपलेले, गुणोत्तर निरर्थक, ब्रेक निरुपयोगी. फिरकीवर अंगठा दाबून मनुष्य काठीने पाण्यात आकडे काढतो आहे, आणि शेकडो डॉलरांचे ते यंत्र सुशोभित वजन म्हणून काठीवर विराजमान आहे.

तेव्हा मला या विषयाचे मर्म कळले असे वाटते. मस्कीचे रीळ मासा येतो त्या क्षणासाठी घ्यावयाचे नसते. तो येत नाही त्या सर्व क्षणांसाठी घ्यावयाचे असते. एक क्षण कसाही निभावतो. उरलेल्या एकवीस दिवसांचा बोजा मनगट, कोपर आणि खांदा यांवर पडतो, आणि रिळाच्या प्रत्येक गुणाची रुजुवात या तीन अवयवांच्या कैफियतीशी घालून पाहिली असता गुंता चटकन सुटतो. लांब हँडल हवे, कारण त्याने ओढ हलकी होते. मूठ हाताच्या मापाची व भरीव हवी, कारण ओल्या आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांतून बारीक मूठ निसटते. जुन्या घाटाचे गोल रीळ टिकाऊ असते, आणि नव्या घाटाचे बसके रीळ तळहातात सामावते. तेव्हा ज्याचा हात दिवसअखेर आखडतो त्याने बसके घ्यावे आणि ज्याचा आखडत नाही त्याने आजोबांचे गोल रीळ तेल घालून वापरावे. मासा या निकालाविरुद्ध अपील करणार नाही. त्याला रिळाचा घाट पाहण्याची संधी आजवर फारशी मिळालेलीच नाही.

परंतु मर्म कळणे निराळे आणि ते पंथीयांस पटणे निराळे. आमचा संवाद ऐकून दुकानातील आणखी दोघे गृहस्थ पुढे सरसावले. एक लहान गुणोत्तराचे, दुसरे मोठ्या गुणोत्तराचे. दोघांनीही आपापल्या रिळावर मागील हंगामात एकेक मासा धरला होता आणि एकेक गमावला होता. आणि धरलेला मासा रिळामुळे मिळाला व गमावलेला दैवयोगाने गेला, याविषयी दोघांनाही तिळमात्र शंका नव्हती. भाच्याने त्यांस अतिशय विनयाने सांगितले की, दोन घटनांवरून कोणताही नियम बसवता येत नाही. त्यासाठी निदान काही शे मासे धरून नोंद ठेवली पाहिजे. यावर दोघांनीही त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिले की, काही शे मासे धरण्यासाठी किती जन्म घ्यावे लागतील हे गणित त्याने मनातल्या मनातच केले असावे.

अखेर वृद्ध विक्रेत्याने मध्यस्थी केली. त्याने भाच्यास दोनच प्रश्न विचारले: "दिवसाला किती तास फेकणार?" आणि "कोणता खांदा दुखतो?" उत्तरे ऐकून घेतल्यावर त्याने जड पात्यांसाठी लहान गुणोत्तराचे एक आणि झटक्यांच्या आमिषांसाठी मोठ्या गुणोत्तराचे एक, अशी दोन बसकी रिळे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. "जाणकार लोक दोन्ही ठेवतात," तो म्हणाला. द्वैत आणि अद्वैत यांच्यातला हा तह इतक्या अल्पावकाशात, आणि दोन्ही पक्षांकडून पूर्ण रक्कम वसूल करून, घडवून आणणारा मुत्सद्दी मी तोवर पाहिला नव्हता. भाच्यानेही तो बिनतक्रार मान्य केला. त्याचे म्हणणे असे की, दोन रिळे घेतल्याने खर्च दुप्पट होतो, पण पश्चात्तापाची संभाव्यता निम्म्याहून कमी होते.

दुसरे दिवशी पहाटे आम्ही सरोवरावर होतो. दुपारपर्यंत भाच्याने दोन्ही रिळे आलटून पालटून चालवली. चाके घड्याळाच्या अचूकतेने फिरत होती, अंगठा आपले काम चोख बजावत होता, प्रत्येक फेकीअंती आठाचे आकडे सुवाच्य निघत होते, आणि माशाच्या बाजूने कोणीही हजर झालेले नव्हते. इतक्यात शेजारून एक नौका संथपणे गेली. तीतील दाढीवाल्या गृहस्थाने आमची दोन्ही रिळे लांबूनच न्याहाळली, मान हलवून पसंती दर्शवली, आणि मग काठीच्या टोकाशी लटकणाऱ्या आमिषाकडे बोट करून म्हणाला, "रिळात काहीच खोट नाही. या पाण्यात तांबडी पाती चालत नाहीत, एवढेच."

भाच्याने त्यांचे मनःपूर्वक आभार मानले, खिशातून कालचाच कागद काढला, त्याची कोरी बाजू वर केली, आणि "रंग" असे शीर्षक लिहून त्याखाली ठळक रेघ ओढली.